लेथखालचे दूध

जालन्याच्या मस्तगडात एक मोठी विहीर आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली जालन्याचा किल्ला आणि त्यातला बालेकिल्ला उभारला. त्या बालेकिल्ल्याचे नाव मस्तगड. बांधकामाचे साल सांगणारा फार्सी शिलालेख त्यावर आहे आणि पुढे नगरपालिकेची कचेरीही तिथेच भरू लागली. विहिरीची नोंद जुन्या गॅझेटिअरात सापडते, कारण ती नुसता खड्डा नव्हती. तिच्या पोटात दालने आणि सज्जे काढलेले होते. त्याही आधी जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळवले होते. पाणी आणायचे कसे, साठवायचे कुठे आणि नासू द्यायचे नाही कसे, या तीन प्रश्नांवर जालन्याने शेकडो वर्षे डोके चालवले आहे.

या लेखाचा विषय त्यामानाने फार लहान पाण्याचा आहे. लेथ मशीनच्या पायथ्याशी शंभरेक लिटरची पत्र्याची टाकी असते. तिच्यात दुधासारखे पांढरे पाणी असते. छोटा पंप ते वर ओढतो, धातू कापणाऱ्या टूलवर सोडतो आणि ते पुन्हा खाली टाकीत येते. कारखान्यात त्याला कूलंट म्हणतात. जुने कारागीर ‘सोल्युबल’ म्हणतात, कारण त्याचे तेल ‘सोल्युबल ऑइल’ या नावाने विकले जाते. खरे तर ते तेल पाण्यात विरघळत नाही. पण त्याकडे नंतर येऊ.

वाङ्मयीन दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. मराठी नियतकालिकांचा कारखान्याशी संबंध तसा जुना आहे. नांगर आणि चरक बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. एका पिढीच्या वाचनाची सोय यंत्रशाळेच्या शेजारच्या खोलीतून झाली. तेव्हा एखादे वर्ष वाचकाने त्या शेजारच्या खोलीत डोकावायला हरकत नसावी.

जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला बियाणे आणि सळई आठवते. भंगार वितळवून पोलादाचे बिलेट ओतणाऱ्या भट्ट्या आणि ते बिलेट लाटून सळई काढणाऱ्या रोलिंग मिल येथे औद्योगिक वसाहतीत आहेत. पण मिलला रोज काहीतरी मोडते. शाफ्ट झिजतो, पिनियनचा दात जातो, कपलिंग तुटते, बुश खाल्ला जातो. ते दुरुस्त करणारी किंवा नवे करून देणारी लहान लेथची दुकाने गावभर विखुरलेली असतात. एक मालक, दोन टर्नर, एक हरकाम्या पोरगा, दोन-तीन मशीन. मोठ्या कारखान्यात कूलंटसाठी वेगळा माणूस असतो, प्रयोगशाळा असते, गाळणयंत्रे असतात. लहान दुकानात टाकीकडे लक्ष जाते ते तिला वास सुटल्यावरच.

मस्तगडापासून फार लांब नसलेल्या अशाच एका दुकानात मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. कारण वेगळेच होते, पण मिस्त्रींनी टाकीवरचे झाकण उचलले आणि विषय बदलला. “सर, पंधरा दिसाला नासतंय बघा. नवं टाकलं की पंधरा दिस, नाहीतर तीन हप्ते. तेल डुप्लिकेट येतंय का काय?” त्यांनी तीन वेळा तेलाची कंपनी बदलली होती. त्यांच्या बोटांच्या पेरांमध्ये भेगा पडल्या होत्या आणि हाताच्या पाठीवर लाल चट्टे होते. हरकाम्या पोराच्या मनगटावरही तेच. मलमे लावून झाली होती.

तेलाचा काही दोष नव्हता. दोष कुठे होता हे सांगण्यासाठी आधी ते दूध म्हणजे काय, हे सांगायला हवे.

धातू कापताना टूलच्या टोकाशी काही शे अंश सेल्सिअस तापमान चढते. उष्णतेचा बराच भाग कीस घेऊन जातो, उरलेला टूलमध्ये आणि जॉबमध्ये शिरतो. टूल मऊ पडते, धार जाते. जॉब फुगतो आणि माप चुकते. पाणी ओतले की फरक पडतो हे लोहार पिढ्यान्‌पिढ्या जाणत होतेच, पण तो फरक मोजला फ्रेडरिक टेलर या अमेरिकन माणसाने. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कारखान्यात १८८३-८४ च्या सुमारास त्याने टूलवर पाण्याची जाड धार सोडून पाहिली, तेव्हा कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढवता येतो असे दिसले. मग तिथे नवी यंत्रशाळा बांधताना प्रत्येक मशीनखाली परात बसवली गेली. परातीतले पाणी नळांनी जमिनीखालच्या एका मध्यवर्ती विहिरीत जाई आणि तिथून पंपाने वरच्या टाकीत. मस्तगडाच्या विहिरीजवळ उभा राहिलो की मला ही फिलाडेल्फियाची विहीर आठवते. टेलरने हे सारे १९०६ साली सविस्तर लिहून ठेवले. आपली पद्धत कुणापासून लपवलेली नसताना इतर कारखान्यांनी ती उचलायला कितीतरी वर्षे लावली, याचे नवलही त्याने केले आहे.

टेलरच्या पाण्यात धुण्याचा सोडा होता, तोही भरपूर. कारण साधे पाणी लोखंडाला गंज चढवते. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि गंज थांबतो. पण सोड्याच्या पाण्याला वंगणाचा गुण नाही. ते थंड करते, घसरवत नाही. तेल घसरवते, पण पाण्याइतकी उष्णता ओढून नेत नाही. दोघांचे गुण एकत्र हवेत म्हणून विसाव्या शतकात दोघांचे मिश्रण रूढ झाले. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, म्हणून मध्ये एक मध्यस्थ घालतात. या मध्यस्थाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. साबण हा त्यातला सर्वांत जुना मध्यस्थ. त्याच्या आधाराने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो म्हणून मिश्रण पांढरे दिसते. दुधाचे तसेच असते. तिथे स्निग्धाचे थेंब आणि मध्यस्थ प्रथिने. मराठी परिभाषेत अशा मिश्रणाला ‘पायस’ म्हणतात. दशरथाच्या यज्ञातले पायस आणि लेथखालचे पायस यांचे नाव एक आहे, ही गंमत परिभाषा करणाऱ्यांच्या मनात होती की नाही कोण जाणे. पण शब्द चपखल आहे.

हे दूध करण्याची एक रीत आहे आणि ती उलटी करून चालत नाही. आधी पाणी घ्यायचे, मग ते ढवळत तेलाची बारीक धार सोडायची. आधी तेल घेऊन त्यात पाणी ओतले तर तेलात पाण्याचे थेंब अडकतात आणि घट्ट, चिकट गोळा होतो. पहिल्या रीतीने दूध मिळते, दुसऱ्या रीतीने लोणी. लोणी पंपातून चढत नाही. बहुतेक दुकानांत हे काम हरकाम्या पोराकडे असते आणि त्याला हे कुणी सांगितलेले नसते. तो टाकीत थेट तेलाचा डबा उपडा करतो, वरून नळी सोडतो. डब्यातले अर्धे तेल तिथेच वाया जाते.

आता मध्यस्थ जर साबणाच्या जातीचा असेल, तर साबणाचे जे वैरी तेच त्याचेही. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ तासभर उकळूनही बोटचेपी होत नाही, ते पाणी घरातल्या बाईला बरोबर ओळखता येते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, बोलताना आपण जड पाणी म्हणतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाच्या रेणूला धरून न विरघळणारा साका करतात. न्हाणीघरात बादलीच्या कडेला जो चिकट पांढरा थर बसतो तो हाच. टाकीत तसेच होते. मध्यस्थ एकेक करून साक्यात जातात, तेलाचे थेंब पोरके होतात, एकमेकांत मिसळून वर येतात. दूध फाटते.

मराठवाड्याच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. पण खरी मेख बोअरच्या पाण्यात नाही, ती बाष्पीभवनात आहे. हिशेब करून पाहू. शंभर लिटरची टाकी. पाण्याचा जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या दिवशी टाकीत पन्नास ग्रॅम क्षार. उन्हाळ्यात गरम टूलवर पडणारे पाणी दिवसाला पाच लिटर उडून जाते असे धरू. उडते ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. मिस्त्री रोज पाच लिटर भर घालतात. त्याबरोबर अडीच ग्रॅम क्षार येतात. वीस कामाच्या दिवसांत आणखी पन्नास ग्रॅम. महिना संपायच्या आत टाकीतल्या पाण्याचा जडपणा १००० झाला. दोन महिन्यांत १५००. किसाबरोबर आणि जॉबबरोबर काही कूलंट बाहेर जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी निघेल. पण दिशा तीच. क्लोराइड आणि सल्फेटही असेच साठत जातात, आणि ते गंजाचे सोबती. पहिल्या दिवशीचे पाणी चांगले आहे की वाईट यापेक्षा रोज भर घालायचे पाणी कोणते, यावर कूलंटचे आयुष्य ठरते. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, आणि नेमकी तीच तेलाच्या डब्यावर कुठे छापलेली मला दिसली नाही.

मिस्त्रींच्या दुकानात शेजारच्या पाण्याच्या जारवाल्याकडून नळी आलेली होती. आरओ यंत्रातून शुद्ध पाणी जारमध्ये जाते आणि क्षार एकवटलेले उरलेले पाणी बाहेर टाकतात. ते फुकट मिळते. दुष्काळाची सवय असलेल्या गावात पाणी वाया घालवायचे नाही, हा संस्कार घट्ट असतो. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला त्यांना टँकरचा हिशेब कायमचा पाठ झाला आहे. त्या सद्‌बुद्धीने मिस्त्री आरओचे टाकाऊ पाणी टाकीत भरत होते. मूळचेच जड पाणी, त्यातले क्षार आणखी एकवटलेले, आणि वर रोजचे बाष्पीभवन. ते दूध तीन आठवडे टिकत होते, हेच तेलाच्या कंपनीचे कौतुक मानायला हवे.

यावर उपाय डोक्यावर होता, पत्र्याचा. जालन्याला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीन चौरस मीटर पत्र्यावर त्यातून दोन हजार लिटर पाणी पडते. एका लेथला रोज पाच लिटर भर लागत असेल तर तीनशे दिवसांना दीड हजार लिटर लागेल. म्हणजे ज्या पत्र्याच्या सावलीत लेथ उभा आहे, त्यातला लेथएवढाच तुकडा त्याची वर्षाची तहान भागवतो. प्रश्न फक्त साठवण्याचा. झाकणाची काळी टाकी, पन्हळ, आणि पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यायची शिस्त. कारण या गावात पत्र्यावर बसणारी धूळ भट्ट्यांचीही असते. पावसाचे पाणी इतके मऊ असते की नव्या कूलंटला कधीकधी फेस फार येतो. म्हणून पहिली भरणी साध्या, बेताच्या जड पाण्याने करावी आणि रोजची भर पावसाच्या पाण्याने. घरात बसवतात ते मिठाने चालणारे सॉफ्टनर यंत्र इथे पुरते उपयोगी पडत नाही. ते कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम ठेवते. साका थांबतो, पण क्षारांची बेरीज तेवढीच राहते आणि गंज वाढतो.

भर घालताना दुसरी चूक प्रमाणाची होते. उडते ते पाणी, म्हणून साधे पाणी घालावे असे तर्काने वाटते. पण जॉबवर आणि किसावर चिकटून तेलही जात असते. नुसते पाणी घालत गेले तर दूध पातळ होते आणि एके सकाळी जॉबवर गंजाचे ठिपके दिसतात. मग घाबरून अंदाजाने तेल ओतले जाते, दूध दाट होते, हाताची कातडी फुटते. भर घालायचे मिश्रण टाकीतल्यापेक्षा पातळ, पण तेल असलेले हवे. टाकीत सहा टक्के ठेवायचे असेल तर भरीत दोन टक्क्यांच्या आसपास. डोळ्यांनी सहा आणि तीन यातला फरक कळत नाही. तीन टक्क्यांचे दूधही तितकेच पांढरे दिसते. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाची वीतभर नळी मिळते. साखर कारखान्यात आणि द्राक्षबागेत गोडी मोजायला वापरतात तीच. थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून पाहायचे, आकडा वाचायचा. तो आकडा साखरेच्या मापाचा असल्याने त्याला तेलाच्या डब्यावर दिलेल्या गुणकाने गुणावे लागते. आकडा चार आणि गुणक दीड असेल तर तेल सहा टक्के. रेष अंधूक, पसरलेली दिसली तर समजावे की दुधात परके तेल शिरले आहे.

हे परके तेल म्हणजे मशीनचेच वंगण. लेथच्या हेडस्टॉकमध्ये तेल असते, सरकणाऱ्या पट्ट्यांवर तेल असते, हायड्रॉलिक चक असेल तर तिथेही. सील झिजली की ते ठिबकते आणि टाकीत येऊन दुधावर साय धरते. वंगण आणि कूलंट एका यंत्राच्या दोन गरजा खऱ्या, पण त्या सवती आहेत. एकीच्या घरात दुसरी शिरली की दोघींचे बिघडते. कूलंट हेडस्टॉकमध्ये गेले तर बेअरिंग गंजते. वंगण टाकीत आले तर दूध नासते. म्हणून कूलंट जास्त दिवस टिकवायचे असेल तर आधी वंगणाची गळती थांबवावी लागते, हे उफराटे वाटले तरी खरे आहे.

नासते म्हणजे काय होते? वरच्या सायीमुळे खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. तळाशी कीस आणि गाळ बसलेला असतो. मशीन बंद असताना, म्हणजे रात्री आणि सुट्टीला, आतला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू डोके वर काढतात. त्यांतले काही सल्फेट खाऊन हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडलेल्या अंड्याचा वास तो याचा. जड पाण्याबरोबर सल्फेट आलेले असतेच, म्हणजे त्यांना घरपोच शिधा. इतर जीवाणू मध्यस्थाचे आणि गंजरोधकाचे रेणू खातात आणि आम्ले सोडतात. नव्या कूलंटचा पीएच साधारण नऊच्या आसपास असतो. तो साडेआठाखाली घसरू लागला की वास यायच्या आधीच कळते की आत काहीतरी शिजते आहे. पीएचच्या कागदी पट्ट्या स्वस्त आहेत. नाकाने कळायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

वास आला की लोक काय काय घालतात, ते मी पाहिले आहे. फिनेल, डांबरगोळ्या, जंतुनाशक साबण, आणि सर्वांत वाईट म्हणजे ब्लीचिंग पावडर. ब्लीचिंग पावडरीत कॅल्शियम आणि क्लोरीन दोन्ही. जीवाणू दोन दिवस दबतात, पण दूध फाटते आणि मशीन गंजते. दुसरा रूढ उपाय म्हणजे जुने ओतून द्यायचे आणि त्याच टाकीत नवे करायचे. विरजणाची ज्याला माहिती आहे त्याला यातली चूक समजावून सांगावी लागणार नाही. दह्याच्या भांड्यात, ते न घासता, ताजे दूध ओतले तर सकाळी दही होणारच. टाकीच्या कोपऱ्यात, नळीच्या आत, पंपाच्या पोटात जीवाणूंचा जो बुळबुळीत थर असतो तो त्या टाकीचे विरजण. नवे कूलंट पंधरा दिवसांत नासण्याचे हे दुसरे कारण. टाकी रिकामी करण्याच्या आदल्या दिवशी जुन्या कूलंटमध्येच टाकी धुण्याचे द्रावण घालून ते सगळ्या नळ्यांतून फिरवावे, मग सगळे काढावे, गाळ खरवडावा, पाण्याने खळबळून ते पाणीही काढावे, आणि मगच नवे भरावे. मिस्त्रींच्या टाकीतून निघालेल्या गाळात किसाबरोबर गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, विडीची थोटके आणि खंडेनवमीच्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. शस्त्रपूजेला यंत्राला हार घालतात, त्याचा निर्माल्य टाकीत. जीवाणूंची पूजा आपोआप होते.

रोजची निगा त्यानंतर फार लागत नाही. साय काढणे हे पहिले काम. सकाळी मशीन सुरू करण्याआधी, रात्रभर तेल वर येऊन थांबलेले असते तेव्हा, पत्र्याच्या पळीने किंवा तेल शोषणाऱ्या कापडाने ती काढावी. मशीन सुरू झाले की पंप तिला दुधात घुसळून टाकतो आणि मग ती निघत नाही. कीस गाळायला जाळी, लोखंडाची बारीक पूड धरायला लोहचुंबक. लांब सुट्टीत माशांच्या काचेच्या पेटीत लावतात तसला हवेचा छोटा पंप टाकीत सोडून ठेवला तर प्राणवायू मिळत राहतो आणि सडांध धरत नाही. अर्थात वीज गेली नाही तर. जॉब ओतीव लोखंडाचा असेल तर बहुतेकदा कूलंटच बंद ठेवावे. त्यातले ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते, आणि त्याची काळी पूड दुधात गेली की चिखल होतो.

रोलिंग मिलच्या गिअर-पेटीतल्या तेलाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण तिथेही वैरी पाणीच आहे. सळई लाटताना रोलवर सतत पाणी पडत असते, त्याचे तुषार आणि लोखंडाची खवले सगळीकडे उडतात. ते पेटीत शिरले की तेल दुधाळ होते. आणि इथे दुधाळ होणे हे दुखणे आहे. तेल जुने होण्याआधी मळते, ओले होते आणि तापते. तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. सुट्टीनंतर, मशीन सुरू करण्याआधी तळाचा नळ किंचित उघडून साचलेले पाणी काढून टाकायला पाच मिनिटे लागतात. तेलाचे पिंप उन्हापावसात उभे ठेवतात, ही तर सगळीकडची खोड. पिंपाच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा पिंप तापून आतली हवा बुचाच्या फटीतून बाहेर जाते, रात्री गार होऊन पिंप श्वास आत घेते आणि त्या श्वासाबरोबर डोक्यावरचे पाणी ओढते. नवे तेल वापरण्याआधीच ओले. पिंप आडवे करून दोन्ही बुचे डाव्या-उजव्या बाजूला, तेलाच्या पातळीखाली राहतील असे ठेवले की हे थांबते.

इथवर खर्चाची आणि यंत्राची गोष्ट झाली. हाताची राहिली. कूलंट अल्कधर्मी असते आणि त्यातला मध्यस्थ तेल धरतो. कातडीचे नैसर्गिक तेलही तो धरून नेतो. आठ-दहा तास हात त्यात भिजला की कातडी कोरडी पडते, तडकते. किसाच्या बारीक कुसळांनी ओरखडे उठतात आणि त्यातून बाकीचे आत शिरते. कार्बाइड टूलमधला कोबाल्ट, स्टेनलेसमधले निकेल आणि क्रोमियम थोडेथोडे कूलंटमध्ये उतरतात आणि काहींना त्यांची कायमची अ‍ॅलर्जी जडते. मग माणसाला धंदाच सोडावा लागतो. वर हात पुसायला किसाने भरलेल्या चिंध्या आणि धुवायला रॉकेल. रॉकेलने उरलेसुरले तेलही जाते. कूलंट जितके जुने, दाट आणि मळलेले, तितका हा त्रास जास्त.

छातीचे दुखणे त्याहून लपलेले. वेगाने फिरणाऱ्या जॉबवर पडलेल्या कूलंटचे धुके होते आणि ते श्वासातून जाते. धुक्यात जीवाणू आणि मेलेल्या जीवाणूंचे अंश असतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथे मोटारींची इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास डझनावारी कामगारांना दमा आणि फुप्फुसाच्या दाहाचा विकार जडला. तपासात बोट दाखवले गेले ते दूषित कूलंटच्या धुक्याकडे. तेलाचा इतिहास याआधीही फारसा निर्मळ नाही. लँकशायरच्या कापड गिरण्यांत चात्यांचे खनिज तेल अंगावर उडून सूत कातणाऱ्यांना कातडीचा कर्करोग होई, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच लक्षात आले होते. जुन्या धाटणीच्या काही कूलंटमध्ये गंज थांबवायला सोडियम नायट्राइट घालत. ते डायएथॅनॉलअमाइन या दुसऱ्या घटकाबरोबर राहिले तर नायट्रोसअमाइन तयार होते, आणि ते कर्करोगकारक आहे. स्वस्त, सुटे, नाव नसलेले तेल घेताना दुकानदाराला हे विचारले पाहिजे. मराठीत विचारावे; उत्तर देता आले नाही तर तेच उत्तर समजावे.

आणि शेवटी ते जाते कुठे? शंभर लिटरची टाकी दर महिन्याला बदलणाऱ्या एका मशीनचे वर्षाला बाराशे लिटर सांडपाणी होते. तीच टाकी वर्षभर टिकली तर शंभर लिटर. पन्नास मशीन धरली तर साठ हजार आणि पाच हजार लिटर यातला हा फरक आहे. कायद्याच्या दृष्टीने वापरलेले तेल आणि तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात आणि ते परवानाधारकाकडेच द्यायचे असतात. पण पन्नास लिटरसाठी कुणी परवानाधारक गल्लीत येत नाही. दुकानाच्या पुढ्यात उघडी गटार असते, आणि गटार जुन्या आणि नव्या जालन्याच्या मधून वाहणाऱ्या कुंडलिकेकडे जाते. साधे तेल पाण्यावर तरंगते, ते निदान काढता येते. दूध झालेले तेल तरंगतही नाही. ते पाण्याबरोबर जाते, मातीत मुरते. तुरटी घालून दूध फाडता येते, तेल वर काढून पिंपात साठवता येते. तरी खालचे पाणी गटारात सोडण्याच्या लायकीचे होत नाही. पाच-पंचवीस दुकानांनी मिळून एक पिंप ठेवावे आणि भरले की एकदमच द्यावे, हे मी सुचवले. त्याला अजून कुणी हो म्हटलेले नाही. ज्याच्या दारात पिंप ठेवायचे त्याच्याच माथी तपासणी येईल, अशी प्रत्येकाची भीती आहे, आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

मिस्त्रींनी टाकी मात्र धुतली. जारवाल्याची नळी काढली. पावसाळा संपत आला होता, तरी परतीच्या पावसात तीनशे लिटर धरले आणि पुढे नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यावर निभावले. ते भरलेले कूलंट सात महिने चालले. मिस्त्रींच्या पेरांच्या भेगा भरल्या. पोराचे चट्टे कमी झाले, पण पुरते गेले नाहीत, आणि तो आता बिलेटच्या गाडीवर असतो. तेलाची कंपनी त्यांनी पुन्हा बदलली, कारण दुसरी दहा रुपयांनी स्वस्त होती. त्यात काही वावगे नाही.

यंदा दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. दुकान पाच दिवस बंद राहणार, टाकीचे काय करू? मी म्हटले, साय काढा, पीएच बघा, साडेआठाच्या वर असेल तर हवेचा पंप लावून ठेवा. ते म्हणाले, “पंप लावतो, पण लाइट गेली तर? भाऊबीजेला पोरगं येऊन एकदा मशीन फिरवून जाईल, चालतंय ना?” चालते. दहा मिनिटे कूलंट खेळते राहिले की पुरे.